भरायचं, पण बुजू द्यायचं नाही

माझ्या डाव्या नाकपुडीवर, चमकीच्या जरा वर, एक बारीक पांढुरका ठिपका आहे. उजेडात अगदी जवळून पाहिलं तरच दिसतो. ते माझं पहिलं भोक. १९व्या वर्षी टोचून घेतलेलं आणि दीड महिन्याच्या आत बुजलेलं. आज जी चमकी आहे ती त्याच्या खाली, ३४व्या वर्षी पुन्हा टोचलेली. मधली १५ वर्षं हौस तशीच होती. आरशासमोर चिकटवायचा खडा लावून पाहायचे आणि काढून ठेवायचे. टोचण्याचं काही वाटत नव्हतं, पण नंतरचे आठवडे आठवले की हात आखडायचा.

पहिल्या वेळचं आधी सांगते, कारण त्याशिवाय दुसऱ्या वेळी मी एवढी चौकशी का केली ते कळणार नाही.

तेव्हा बंदुकीनं टोचलं होतं. खटका दाबला की आतली स्प्रिंग चमकीचं बोथट टोक कातडीतून ढकलते. सुई कातडी कापत जाते, हे टोक चेचत जातं. बंदूक प्लॅस्टिकची, त्यामुळे ऑटोक्लेव्हच्या, म्हणजे हत्यारं निर्जंतुक करायच्या यंत्राच्या, वाफेत घालता येत नाही. फार तर पुसून पुढच्या माणसाला वापरतात. मला यातलं काही माहीत नव्हतं. चमकीची दांडी आखूड होती. दुसऱ्या दिवशी नाक सुजलं आणि चौथ्या दिवशी खडा अर्धा कातडीत रुतला. ‘रोज फिरवत राहा, नाहीतर चिकटून बसेल’ असं सांगितलं होतं, म्हणून मी सकाळ-संध्याकाळ फिरवत होते. फिरवताना कडेची वाळलेली खपली आत ओढली जायची, थोडं रक्त यायचं, आणि मग त्यावर मी हायड्रोजन पेरॉक्साइड लावायचे. पांढरा फेस आला की बरं वाटायचं, जंतू मरताहेत म्हणून. तो फेस आपल्याच रक्तातल्या आणि पेशींतल्या कॅटलेज या विकरामुळे येतो. पेरॉक्साइड फुटतं, ऑक्सिजन सुटतो, आणि जंतूंबरोबर नुकतीच धरू लागलेली कातडीही भाजते. दिवसभर शरीरानं जे विणलं ते मी संध्याकाळी उसवत होते.

चौथ्या आठवड्यात नाक पिकलं. ठणका डोळ्यापर्यंत जायचा. एका रात्री सोसेना म्हणून मी चमकी ओढून काढली, आणि तीच सगळ्यात मोठी चूक ठरली. चमकी होती तोवर पू तिच्या कडेनं बाहेर येत होता. ती काढल्यावर दोन्हीकडची तोंडं मिटली आणि पू आत कोंडला. दोन दिवसांत वाटाण्याएवढी गाठ झाली. डॉक्टरांना तिला छेद द्यावा लागला, वर अँटिबायोटिकच्या गोळ्या. त्या म्हणाल्या, “पिकलं तर आधी माझ्याकडे यायचं. चमकी काढायची की नाही ते मी सांगितलं असतं.” हे वाक्य मी विसरलेले नाही.

म्हणून दुसऱ्या वेळी टोचून घ्यायच्या आधी मी नुसती प्रश्न विचारायला गेले. टोचणारी मुलगी माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान असेल. तिनं एकाही प्रश्नाला तोंड वाकडं केलं नाही. ऑटोक्लेव्ह दाखवला: दाबाखालची वाफ, १२१ अंश सेल्सिअस. आतून काढलेल्या प्रत्येक पाकिटावर एक पट्टी असते, पाकीट वाफेतून गेलं की तिचा रंग बदलतो. ती पट्टी मला हातात घेऊन बघायला दिली. सुई पोकळ, एकदाच वापरायची, माझ्यासमोर फोडणार. चमकी टायटेनियमची, शरीरात बसवायच्या दर्जाची, त्या मानकाचं नाव एएसटीएम एफ१३६. माझ्या मनात सोन्याची होती. ती म्हणाली, “ताई, १४ किंवा १८ कॅरेटचं, निकेल नसलेलं सोनं चालतं. पण कशात काय मिसळलंय याची खात्री नसेल तर जखम ताजी असताना नको. निकेलनं खाज सुटली, तर ती खाज निकेलची की पिकल्याची हे तुम्हालाही कळणार नाही आणि मलाही.” मला पटलं. खड्याची हौस नंतर भागवता येते.

दांडीची जाडी १८ गेज, म्हणजे साधारण १ मिलिमीटर. गेजचा आकडा जितका मोठा तितकी तार बारीक, त्यामुळे २० गेज याहून बारीक, ०.८ मिलिमीटर. नाकाच्या आतल्या बाजूला सपाट गोल चकती. दांडी जरा लांबच निवडली होती, चमकी नाकावर उभी राहिल्यासारखी दिसत होती आणि मला ते आवडलं नाही. “सूज आली की जागा लागते. सूज उतरली की या, आखूड घालू,” ती म्हणाली. १९व्या वर्षी रुतलेला खडा आठवला आणि मी गप्प बसले.

सुई गेली तेव्हा फक्त डाव्या डोळ्यातून पाणी आलं, उजवा कोरडा. रडू नव्हतं ते. नाकाला इजा झाली की त्या बाजूचा डोळा आपोआप पाझरतो. दोन सेकंदांत संपलं.

निघताना तिनं सांगितलं ते एवढंच: दिवसातून दोनदा सलाइन, हात धुतल्याशिवाय जवळ न्यायचा नाही, फिरवायची नाही, बाकी काही लावायचं नाही. मी वही घेऊन गेले होते, पण पान अर्धंही भरलं नाही.

सलाइनबद्दल थोडं सविस्तर सांगते. हवं असतं ते ०.९ टक्क्यांचं निर्जंतुक द्रावण, म्हणजे एका लिटरला ९ ग्रॅम मीठ. एवढा खारटपणा रक्ताशी मिळताजुळता असतो, म्हणून ते जखमेला झोंबत नाही. बाटलीवर घटकांत सोडियम क्लोराइड आणि पाणी, एवढंच लिहिलेलं हवं. सर्दीसाठीच्या नाकाच्या स्प्रेमध्ये बंद नाक मोकळं करायचं औषध असतं, तो वेगळा. कॉन्टॅक्ट लेन्सच्या पाण्यातही इतर गोष्टी असतात. घरी करायचं तर उकळून गार केलेल्या एक कप पाण्यात, साधारण २४० मिलिलिटर, पाव चमचा आयोडीन नसलेलं मीठ, असं प्रमाण सांगतात. एकदा बाटली संपली म्हणून मी ते केलं. चमचा मोजायला घरात नेमका नव्हता, चिमटीनं घातलं. दोन दिवसांत चमकीभोवतीची कातडी ताणल्यासारखी कोरडी पडली आणि तिचे पापुद्रे निघायला लागले. मीठ जास्त झालं होतं. त्यानंतर एक जादा बाटली कायम घरात ठेवली.

सकाळचा क्रम असा बसला. आंघोळ करताना कोमट पाणी चेहऱ्यावरून नुसतं वाहू द्यायचं, त्यानं खपली मऊ होते. मग साबणानं हात, नखांच्या कडांसकट. मग बाहेरून सलाइनचा फवारा आणि नाकपुडी जरा वर उचलून आतून एक. गॉझची घडी ओली करून चमकीवर मिनिटभर टेकवून ठेवायची. घासायचं नाही, नुसती टेकवायची. खपली सुटायची असेल तर गॉझला लागून येते. नाही आली तर तिचा दिवस अजून यायचा आहे. शेवटी कोरड्या गॉझनं टिपून घ्यायचं, कारण ओल राहिली की कडा हुळहुळतात. कापसाचा बोळा मी पहिल्याच दिवशी बाजूला ठेवला. त्याची एक तंतुमय तार दांडीभोवती गुंडाळली गेली होती आणि ती सोडवायला चिमटा घेऊन आरशासमोर दहा मिनिटं उभी होते.

तिसऱ्या दिवशी दांडीभोवती फिकट पिवळसर, पातळसं काहीतरी दिसलं आणि माझ्या पोटात गोळा आला. पिकलं, एवढंच डोक्यात. पण ती लस होती, जखमेतून झरणारा पातळ द्रव. जखम भरताना शरीर ती सोडतंच. वाळली की चमकीच्या कडेला साखरेच्या कणांसारखी बसते. पू दाट असतो, पिवळा किंवा हिरवट, त्याला वास येतो, आणि त्याच्या सोबतीला नाक गरम लागतं, ठणकतं, लाली रोज थोडी थोडी पसरत जाते. दोन्ही अनुभवल्यामुळे आता मला ओळखता येतं. पहिल्यांदाच पाहणाऱ्या बाईला कसं ओळखावं हे कुणीतरी आधी सांगून ठेवायला हवं, नाहीतर ती मी केलं तेच करेल.

आणि जखम भरते कशी, हेही. हे कळल्यावर माझं बरंच बिनसलेलं सरळ झालं. नाक टोचल्यावर जखम भरली पाहिजे पण भोक बुजता कामा नये. शरीराला हे अवघड पडतं, त्याला बुजवायचंच माहीत असतं. मध्ये दांडी असते म्हणून ते नाइलाजानं तिच्याभोवती कातडीचं अस्तर विणतं. हे अस्तर बाहेरच्या तोंडाकडून आत आणि आतल्या तोंडाकडून बाहेर, असं दोन्हीकडून वाढत मध्ये येऊन मिळतं. म्हणजे दोन्ही तोंडं आधी बरी दिसतात आणि मधला भाग शेवटपर्यंत कच्चा असतो. सहाव्या आठवड्यात वरून काहीच दिसत नाही, दुखत नाही, आणि आत मात्र ओली जखम असते. नाकपुडीला साधारण ४ ते ६ महिने धरून चालावेत, कुणाला याहूनही जास्त लागतात. दांडी फिरवली की ते कोवळं अस्तर खरवडलं जातं. ‘चिकटून बसेल’ ही भीती खोटी. चिकटते ती वाळलेली लस, आणि ती पाण्यानं सुटते.

हे सगळं कळूनही सहाव्या आठवड्यात मी घोटाळा केलाच. पहिल्या वेळचा धाक इतका होता की दोनदाचं सलाइन तीनदा झालं, तीनदाचं पाचदा. ऑफिसमधून घरी आले की एकदा, झोपताना एकदा, मध्ये नुसतं बघायला म्हणून एकदा. बघायचं म्हणजे आरशाजवळ जाऊन नाकपुडी बोटांनी ताणून बघायचं. आणि एका सकाळी चमकीच्या खालच्या कडेला बाजरीच्या दाण्याएवढा लाल, ओलसर फुगवटा दिसला. दाबला तर मऊ. दुपारपर्यंत मी केलॉइडबद्दल, म्हणजे जखमेच्या जागी वाढत जाणाऱ्या व्रणाच्या गाठीबद्दल, मिळेल ते सगळं वाचून काढलं होतं. कुणी ॲस्पिरिनची गोळी कुटून लावायला सांगत होतं, कुणी टी ट्री ऑइल. तेलाची बाटली मी उघडलीही होती. तिच्या वासानंच डोळे चुरचुरले आणि झाकण लावून टाकलं.

संध्याकाळी टोचणाऱ्या मुलीकडे गेले. तिनं फुगवट्याला हातही लावला नाही. बाजूनं बघितलं, समोरून बघितलं आणि दोनच गोष्टी विचारल्या: दिवसातून किती वेळा साफ करता, आणि झोपता कुठल्या कुशीवर. पहिल्याचं उत्तर मी खरं दिलं. दुसऱ्याचं, ‘उजव्या’ म्हणाले. “मग चमकी आत झुकलीय कशी?” खरोखरच झुकली होती. झोपताना उजव्या कुशीवर असले तरी पहाटे डाव्या कुशीवर उठत होते. सूज उतरल्यामुळे लांब दांडीला आता मोकळी जागा होती. उशीचा दाब आला की ती तिरकी व्हायची आणि खालच्या कडेवर रात्रभर घासायची.

तिनं समजावलं तसं सांगते. असा फुगवटा बहुतेक वेळा चिडलेल्या जखमेचा असतो. भोकाच्या कडेलाच राहतो आणि चीड थांबली की ओसरतो. केलॉइड मूळ जखमेच्या हद्दीबाहेर पसरतो, हळूहळू महिनोन् महिने वाढतो आणि आपोआप जात नाही. तसं वाटलं, किंवा घरात कुणाला होण्याची प्रवृत्ती असेल, तर त्वचारोगतज्ज्ञाकडेच जायचं. त्या दिवशी तिनं आखूड दांडी घातली. साधारण ४ ते ८ आठवड्यांत हे करून घ्यायचं असतं, आणि मी कंटाळा करून पुढे ढकललं होतं. टोचून घेणाऱ्या प्रत्येकीला मी हे सांगते: त्या दुसऱ्या फेरीची तारीख पहिल्याच दिवशी लिहून ठेवा.

घरी येऊन सलाइन पुन्हा दोनदावर आणलं. न्हाणीघरातला मोठा करून दाखवणारा आरसा काढून कपाटात ठेवला. झोपण्यासाठी प्रवासातली गळ्याभोवतीची उशी वापरायला लागले, चुकून डाव्या कुशीवर वळलेच तर नाक मधल्या पोकळीत राहतं. अभ्रा दर दोन दिवसांनी बदलायचा. पहिला आठवडा फुगवटा होता तसाच होता, आणि त्या आठवड्यात हात बांधून बसणं हे मला सगळ्या काळजीतलं सर्वांत अवघड गेलं. दुसऱ्या आठवड्यात तो कोरडा झाला. तिसऱ्याच्या शेवटी एका सकाळी शोधला तर सापडला नाही.

दहाव्या आठवड्यात सर्दी झाली. याची मला सर्वांत जास्त धास्ती होती. साधारण दर तीन माणसांत एकाच्या नाकात स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू एरवी काहीही त्रास न देता राहत असतो, आणि उघडी जखम मिळाली की पिकवणाऱ्यांत तोच पुढे असतो. नाक शिंकरताना डावी बाजू न दाबता, एका वेळी एक नाकपुडी, हलकेच. दर वेळी नवा टिश्यू पेपर, रुमाल नाही. नंतर हात धुवायचे. आतली चकती शेंबडानं भरायची म्हणून त्या पाच दिवसांत आतून सलाइन जास्त वेळा मारलं. तिथे खरंच गरज होती आणि त्याचा त्रास झाला नाही. नाकाच्या कडा शिंकरून सोलवटल्या, पण चमकीजवळची जागा तशीच शांत राहिली.

बाकीचे धोके रोजच्या वस्तूंचे. टॉवेल हा त्यांतला पहिला; त्याचे धाग्यांचे फासे खड्याच्या कडेत अडकतात, म्हणून चेहरा टॉवेलनं पुसणंच बंद केलं. गळ्यातून घालायचे कपडे आधी गळा दोन्ही हातांनी ताणून मग डोक्यावरून. फेसवॉश, क्रीम, सनस्क्रीन बोटभर लांब. पोहणं पहिले तीन महिने बंद ठेवलं. साठलेल्या पाण्यात काय असेल सांगता येत नाही.

आणि माझी भाची. दीड वर्षाची, कडेवर घेतली की चकाकणाऱ्या वस्तूवर झडप. चौथ्या महिन्यात तिनं मुठीत चमकी पकडून ओढली. डोळ्यांपुढे काजवे चमकले. तिची मूठ सोडवताना ताईचे हात थरथरत होते, मी मात्र तिला “ओढू नकोस, हळू सोड” एवढंच म्हणू शकले. एक थेंब रक्त आलं. स्वच्छ गॉझ दाबून धरला, थांबल्यावर सलाइन, आणि मग काहीच नाही. संध्याकाळी पुन्हा हात जात होता. तो आवरला. दोन दिवस हुळहुळलं, चार दिवस लस आली, मग बसलं. पुढचे दोन महिने ताई तिला माझ्याकडे द्यायच्या आधी विचारायची, “मावशीच्या नाकाला हात लावायचा का?” आणि ती मान हलवून ‘नाही’ म्हणायची.

सातव्या महिन्यात चमकी बदलून घ्यायला गेले. पहिली बदली स्वतः करायची नाही हे ठरलेलंच होतं. तिनं जुनी काढली आणि नवी उचलण्याआधी मला आरसा दिला. भोकाची कड गुलाबीही नव्हती, आजूबाजूच्या कातडीसारखीच. नवी १८ कॅरेटची, बारीक खड्याची, कुठेही न अडता आत गेली. “आता भरलंय. पण काढून ठेवू नका हं,” ती म्हणाली. “नाकाचं आतलं अस्तर फार लवकर मिटतं. वर्षानुवर्षांचं भोकसुद्धा काही तासांत आवळतं कधीकधी.”

त्या रात्री मी गळ्याची उशी बाजूला ठेवली आणि सात महिन्यांनी मुद्दाम डाव्या कुशीवर झोपले. सकाळी उठून आधी अभ्रा बघितला. पांढरा अभ्रा, डाग नाही. मग टॉवेल घेतला आणि तोंड पुसलं, डावी बाजू जरा जपूनच.